परसातला ठणठणाट

खामगावची चांदी प्रसिद्ध. पण आमच्या चिरंजीवांना हवी होती लोखंडाची चकती. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि आमच्या घरात छर्र्याची बंदूक आली. बुलढाण्यातल्या वेल्डिंगवाल्याने चकती आडव्या सळईला कड्यांनी टांगून दिली. छर्रा लागला की ती ठण्णकन वाजते, झोका घेते, पुन्हा जागेवर येते. कागदी निशाण असे उत्तर देत नाही. पाखरू देते, आणि पोरांना नेमका तोच मोह! बुलबुल-होल्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण वाचकहो, मोहापुढे कायदा तोकडा पडतो, चकती पुरते.

चकती जाड हवी, खड्डे पडलेली नको. वरची कड किंचित पुढे झुकवावी, म्हणजे शिशाचा छर्रा चपटा होऊन खाली पडतो. पोलादी गोळी मात्र उसळून थेट डोळ्यावर येते. ती आमच्याकडे वर्ज्य. अंतर दहा मीटर, मागे भक्कम भिंत, चष्मा सक्तीचा, बंदुकीच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला नव्हे, सौभाग्यवतींच्या कमरेला.

कडुनिंबावरचे होले पहिल्या ठणक्याला उडतात, आणि घटकाभराने पुन्हा येऊन बसतात.