पाळलेलं जनावर रस्त्यावर येतं कुठून?

'भटक्यांना खाऊ घालणारेच दोषी' हे पत्र वाचले. पत्रलेखकांना भटक्या कुत्र्यांचा होणारा त्रास खरा आहे, पण दोष त्यांनी भलत्याच्याच माथी मारला आहे.

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी गेल्या पावसाळ्यात सापडलेली लॅब्रॅडोर कुत्री भटकी नव्हती. गळ्याभोवती पट्ट्याने केस झडलेले, कानांत गोचिडी भरलेल्या आणि 'बस' म्हटले की ती मुकाट्याने बसायची! कुणीतरी तिला शिकवले होते, आणि कुणीतरीच सोडून दिले होते. घरात वाढलेल्या अशा जनावराला उकिरड्यावर पोट भरता येत नाही. गल्लीतली कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. त्याला खाऊ घालून, पदरमोड करून दवाखान्यात नेणारी माणसे समस्या वाढवत नाहीत. दुसऱ्याने झटकलेली जबाबदारी ती निभावतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठरवलेला दंड १० ते ५० रुपये! एवढ्या रकमेचा धाक कुणाला वाटणार?

तेव्हा पत्रलेखकांना विनंती, की खाऊ घालणाऱ्यांना नोटिसा देण्याऐवजी आपल्या सोसायटीने पाळीव कुत्र्यांचे परवाने आणि लसीकरणाच्या नोंदी ठेवाव्यात. घर रिकामे करणाऱ्या कुटुंबाला कुत्रा कुठे नेणार, हेही विचारावे.

– एक वाचक, पुणे