दोन गाड्या आणि एक खुर्ची

निवृत्ती समीप आली की मनुष्य हिशेबी होतो. मातोश्रींना उपचारांसाठी दरमहा इंदूरला न्यावे लागते. म्हणून आम्ही हायब्रिड मोटारींचा अभ्यास आरंभिला. मारुतीची ग्रँड व्हिटारा की टोयोटाची हायरायडर, यावर घरात आठवडाभर वाद झडले. शेवटी कळले ते असे की, २०२२ साली बाजारात आलेल्या या दोन्ही प्रतिस्पर्धी गाड्या बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कारखान्यातच तयार झाल्या. यंत्रणा एकच, आणि लिटरला २७.९७ किलोमीटरचा दावाही तोच!

यंत्रणेचे मात्र आम्हांस कौतुक वाटले. आमच्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याने सातपुड्याचे झिरपते पाणी गोळा करून शहरास पुरविले. तशीच ही यंत्रणा ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठविते. त्यामुळे गावातील थांबत्या-चालत्या रहदारीत बचत अधिक, मोकळ्या हमरस्त्यावर तुलनेने कमी. आमचा प्रवास तर बहुतेक हमरस्त्याचाच.

सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "आईंची चाकांची खुर्ची मागे मावते का?"

खुर्ची घेऊनच आम्ही दुकानात गेलो. मोठी बॅटरी सामानाच्या जागेखाली बसविलेली. घडी करूनही खुर्ची मावेना. त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकारात ती बेताने बसली. किंमतही कमी. आम्ही तीच नोंदविली.

घरी येऊन सारे सांगितले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "खुर्चीला जागा मिळाली ना? मग मलाही मिळाली."