एकाच पट्टीवरची दोन पदके

जुलै 2023 मध्ये इटलीतील मोन्तोने या गावी नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. ती बातमी वाचली आणि मला आठवले ते आमचे आबा. आज ते असते, तर चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली असती आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेले असते.

आबा म्हणजे माझे आजोबा. सारा गाव त्यांना हवालदारआबा म्हणे. ते घाडग्यांच्याच पलटणीतले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944 रोजी, तिबेर नदीच्या खोऱ्यात, तुकडीतील सारे सहकारी ठार वा जखमी झाल्यावर माणगाव तालुक्यातील हा बावीस वर्षांचा तरुण एकटाच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि तेथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कासिनोच्या स्मारकावर आज त्याचे नाव आहे. आबा त्याच्याविषयी बोलत तेव्हा आवाज खाली येई. स्वतःविषयी मात्र ते कधीच बोलले नाहीत, आणि त्याला काही अंशी मीही कारण झालो.

1985 साली मी महाविद्यालयात होतो. क्रांतिकारकांची चरित्रे वाचून डोके तापलेले. चार पाहुण्यांदेखत मी आबांना म्हणालो, "तुम्ही तर इंग्रजांसाठी लढलात." आबांनी चहाची बशी खाली ठेवली. आजी बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता ती बशी उचलून घेऊन गेली. मला कोणी रागावले नाही. कित्येक महिन्यांनी, उसाला पाणी देताना, ते आपणहून म्हणाले, "पगार इंग्रजाचा होता, बाळ. पण खड्ड्यात शेजारी आपलीच पोरं होती."

1939 साली इंग्रजांनी हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, हे खरेच आहे. सैन्यात गेलेल्या सुमारे 25 लाखांपैकी बहुतेकांना घरच्या गरिबीने नेले, हेही खरे. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांचा त्याग तर आपल्याला सदैव वंदनीयच आहे. परंतु त्यांना मान द्यावयाचा म्हणून बाकीच्यांना भाडोत्री ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? (माझ्यासारख्या सुशिक्षित घरांतच ही भाषा अधिक ऐकू येते. ज्या घरांतून माणसे गेली, तेथे नाही.)

आणि पुढे काय घडले? युद्धानंतर हीच पलटण छत्रीधारी झाली. 1948 साली ती ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमधून जम्मू-काश्मीरच्या आघाडीवर गेली. हातून गेलेले झांगड त्याच वर्षी मार्चमध्ये परत घेण्यात आले. 1947 पूर्वीच्या प्रत्येक सैनिकाला इंग्रजांचा चाकर म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की डोंगरउतारावर गोळीबारात कसे चढावे, हे झांगडला गेलेली माणसे कोठे शिकली होती? आबा दोन्हीकडे होते. माणूस एक, पलटण एक. मधे केवळ चार वर्षे.

ते 1998 साली गेले. मागे त्यांची पत्र्याची पेटी राहिली. तिच्यात एकाच पट्टीवर दोन पदके शेजारी शेजारी टाचलेली होती: तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या फितीचा 'इटली स्टार' आणि 'जम्मू आणि काश्मीर' अशी पट्टी असलेले स्वतंत्र भारताचे पदक. ती वेगळी करावीत असे आबांना कधी वाटले नव्हते.

आपल्या घरी असा कोणी वृद्ध अजून असेल, तर आजच त्याच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. 1962, 1965 आणि 1971 चे सैनिकही आता थकले आहेत. आमच्या पेटीत एक छायाचित्र आहे. ऑलिव्हच्या झाडाखाली सात जवान उभे आहेत. डावीकडून तिसरे आबा. उरलेल्या सहांची नावे मागे लिहिलेली नाहीत, आणि आबा असताना ती विचारावीत, असे मला तेरा वर्षांत एकदाही सुचले नाही.