दिल्लीचे कमळ आणि खानदेशची माय

दिनांक २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञानभवनात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा जो समारंभ झाला, त्यात ‘श्यामची आई’ हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून गौरविला गेला. १९५४ साली ह्या पुरस्कारांचा आरंभ झाला, तेव्हा पहिले राष्ट्रपती-सुवर्णपदक आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’लाच मिळाले होते. एकाच पुस्तकावरून निघालेल्या दोन बोलपटांचा ७१ वर्षांच्या अंतराने असा सन्मान व्हावा, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास सुखविणारी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेव्हा खानदेशाला ती विशेषच गोड लागावी ह्यात नवल नाही.

परंतु त्याच समारंभात गारो आणि ताई फाके ह्या भाषांतील बोलपटांचाही सत्कार झाला, ह्याकडे जळगाव-धुळ्याच्या किती सुशिक्षितांचे लक्ष गेले? ताई फाके ही आसामातील एका चिमुकल्या समाजाची भाषा. ती बोलणारी सारी माणसे आमच्याकडील एखाद्या मोठ्या गावात सहज मावतील. घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाव नसलेल्या भाषांसाठीही ह्या पुरस्कारांनी दार उघडे ठेविले आहे. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशीची नोंद १८ लाखांहून अधिक झाली. मग त्या दाराकडे उमेदीने पाहण्याचे आमच्या मनात का येत नाही?

कोणी म्हणेल, अहिराणी ही मराठीची बोली. तिला वेगळे पारितोषिक कशाला? ग्रियर्सनसाहेबांनी आपल्या भाषापाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्लीच्या शेजारी बसविले होते. पण तो वाद पंडितांनी खुशाल मिटवावा. आम्हांस पुसावयाचे ते इतकेच की, मराठीचे ह्यात जाते काय? २०११ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठी ‘देऊळ’ आणि ब्यारी भाषेतील ‘ब्यारी’ ह्यांना विभागून मिळाले. त्यामुळे ‘देऊळ’चे मोल कोणी निम्मे धरले नाही. राष्ट्रभाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या इंडोनेशियाने २०१५ साली आपल्या राष्ट्रीय चित्रपटमहोत्सवात पहिला मान दिला तो ‘सिती’ ह्या जावानी बोलणाऱ्या चित्रपटाला. तेथील राष्ट्रभाषेचे आसन काही डळमळले नाही.

खरा अडथळा दिल्लीत नाही. तो आमच्या दिवाणखान्यात आहे. अहिराणी आम्ही हसण्यापुरती राखून ठेविली आहे. वरातीत अहिराणी गाणे वाजू लागले म्हणजे डॉक्टर, वकील, प्राध्यापक सारेच नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी घरातले पोर ‘काय शे?’ म्हणाले की त्याला दटावतात! पडद्यावर अहिराणी बोलायची ती गाडीवानाने, नाहीतर वेंधळ्या पाहुण्याने. बाकीच्यांनी खदखदा हसायचे. ह्याच भाषेत ह्या मुलुखातील बाया गेलेल्या लेकरासाठी रडतात. कापसाचा भाव पडला म्हणजे रात्र रात्र हिशेब मांडतात. भाऊबंदकीत शब्दाला शब्द लावतात. ते रडणे आणि तो हिशेब ऐकण्यास आमचे कान तयार आहेत काय?

श्यामची आई मुळात कोकणातली. तिने कोकणच्या घरातली मराठी बोलावी हे रास्तच. पण गुरुजींना अमळनेरात जी मुले भेटली, त्यांतल्या कित्येकांची माय अहिराणीत बोलत असणार. त्या माउलीचा बोलपट कोणी काढावयाचा? मुंबईच्या निर्मात्याने?

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. घरच्या बोलीत ओव्या रचणाऱ्या एका निरक्षर शेतकरणीचे नाव पदवीच्या कागदावर चढले, हे फार चांगले झाले. मात्र तो कागद हाती घेऊन मुलाखतीस जाणारा पदवीधर आपल्या तोंडची बोली वाटेतच पुसून टाकतो.

पैशाची सबब कोणी सांगू नये. जळगावच्या सराफ बाजाराला आणि धुळ्याच्या पेठेला एका साध्या, लहान बोलपटाचा खर्च जड नाही. कित्येक लग्नांचे मांडव त्याहून महाग पडत असतील. उणीव आहे ती अहिराणीत मन लावून लिहिणाऱ्याची, आणि तो लिहीत असता ‘हे शुद्ध मराठीत का लिहीत नाही?’ असे त्याला न विचारणाऱ्या प्राध्यापकांची.