सुस्थितीतील जेन्सन : एका जाहिरातीचे वाचन

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती हा गद्यप्रकार म्हणून कोणी गंभीरपणे वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकालाच गाडी चालवता येते, आणि जिच्याविषयी लिहीत आहोत ती विकत घेण्याचा प्रश्न आमच्या वेतनश्रेणीने केव्हाच निकालात काढला आहे. तरीही १९७२ सालच्या एका जेन्सन इंटरसेप्टरची इंग्लंडमधील जाहिरात गेले काही दिवस आमच्या बोलण्यातून हटत नाही. तिला कारण जाहिरातीतला एक शब्दप्रयोग : 'उत्तम निगा राखलेली'.

ज्यांना ही गाडी अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविचमधील जेन्सन बंधूंच्या कारखान्याने १९६६ साली इंटरसेप्टर बाजारात आणली. आकृती मिलानच्या तूरिंग या संस्थेची. सुरुवातीच्या गाड्यांचे सांगाडे तुरीनला विन्याले यांच्याकडे घडले, मग ते काम वेस्ट ब्रॉमविचला आले. इंजिन अमेरिकेच्या क्रायस्लरचे, आठ सिलिंडरांचे, आधी ६.३ आणि पुढे ७.२ लिटरचे. म्हणजे 'अस्सल ब्रिटिश' म्हणून जी मिरवते तिचे रूप इटालियन आणि काळीज अमेरिकन. मागच्या बाजूला बुडबुड्यासारखी फुगलेली प्रचंड काच, आत कातड्याची आसने, चौघांना सामानसुमानासह एका दमात दूरवर नेण्याची ऐपत. ग्रँड टूरर म्हणतात ते हेच. एका लिटरला चारपाच किलोमीटर जाणाऱ्या या वाहनाला १९७३ च्या तेलसंकटानंतर भवितव्य उरले नाही, आणि १९७६ साली कारखानाही बंद पडला.

आता जाहिरात. अशा जाहिरातींचा ठरलेला थाट असतो : 'नवीकोरी वाटावी अशी', 'संपूर्ण नूतनीकरण', 'प्रदर्शनात पारितोषिक मिळवील अशी'. विशेषणे जितकी दाट तितकी माहिती पातळ, हा आमच्या अनेक समीक्षाग्रंथांचाही अनुभव आहे! प्रस्तुत विक्रेत्याने मात्र विशेषणे जवळपास टाळली आहेत. बिलांची जाडजूड फाइल सोबत मिळेल. दारांखालच्या पोलादी पट्ट्या गंजल्यामुळे दोनदा बदलल्या. चालकाच्या आसनाचे कातडे मूळचे असून त्याला भेगा आहेत. घड्याळ चालत नाही. बस्स.

आमच्या मते ही जाहिरात प्रामाणिक तर आहेच, शिवाय ती एक भूमिका घेते, आणि ती भूमिका आज अल्पमतात आहे. जुन्या मोटारींच्या जगात दोन आदर्शांचा बोलबाला दिसतो. पहिला संपूर्ण नूतनीकरणाचा : गाडी सुटी करून तिचा प्रत्येक भाग कारखान्यातून निघाला तेव्हा होता त्याहूनही चकचकीत करायचा. दुसरा अस्पर्शतेचा : कोठारात तीस वर्षे धूळ खात पडलेली गाडी सापडली की कोळिष्टकांसकट तिची पूजा मांडायची. दोहोंत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. मधल्या वर्षांचे अस्तित्व दोघांनाही नको असते. एक ती पुसून टाकतो. दुसऱ्याला तर ती कोणी वापरून काढलीच नाहीत याचेच कौतुक असते. निगा ही या दोहोंहून निराळी गोष्ट आहे. निगा म्हणजे वापरणे, झिजवणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा वापरणे.

हस्तलिखितांशी संबंध आलेल्यांना हे नवे वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो ग्रंथ लोकांच्या तोंडी आणि हाती होता म्हणून. न वाचलेल्या पोथीत अपपाठ शिरत नाहीत. तिला फार तर कसर लागते. मोटारीच्या फाइलीतले प्रत्येक बिल आम्हांला पोथीच्या पुष्पिकेसारखे वाटते : कोणी, कोठे, केव्हा, काय केले. इंजिनाचा क्रमांक मूळ नोंदीशी जुळतो की नाही याला खरेदीदार फार महत्त्व देतात. ते योग्यच, पण क्रमांक जुळणे ही फक्त पहिल्या पानाची साक्ष आहे.

मग इतके बदलूनही गाडी 'तीच' कशी, असे कोणी विचारील. या प्रश्नाचा निवाडा लंडनच्या न्यायालयात एकदा झालेला आहे. १९२९ आणि १९३० साली ल मांची शर्यत जिंकणाऱ्या 'ओल्ड नंबर वन' बेंटलीच्या एक कोटी पौंडांच्या सौद्यावरून तो खटला उभा राहिला. शर्यतींसाठी तिच्यात वारंवार फेरफार झाले होते, १९३२ साली ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला होता, आणि शर्यत जिंकली तेव्हाचे भाग तिच्यात फारच थोडे उरले होते. खरेदीदार म्हणाला, ही ती नव्हेच. न्यायमूर्ती ऑटन यांनी १९९० साली ठरवले की ती तीच आहे. कारण तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, जुनी संपली आणि नवी जन्मली असा क्षण त्यात दाखवता येत नाही. मूळच्या लोखंडापेक्षा अखंड वहिवाटीला दिलेले हे वजन आम्हांला मोलाचे वाटते.

ब्रिटनच्या सरकारने नकळत या बाबतीत एक कसोटीही निर्माण करून ठेवली आहे. तेथे मोटारींची वार्षिक सुरक्षा-तपासणी सक्तीची असते. २००५ पासूनचे तिचे निकाल गाडीचा क्रमांक टाकला की कोणालाही पाहता येतात : किती मैल धावली, कशात नापास झाली, सारे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. म्हणजे १९७२ च्या जेन्सनच्या मालकाला विचारणारे आता कोणी नाही. नेमके म्हणूनच २०१८ नंतरच्या नोंदी बोलक्या ठरतात. सूट असताना जो स्वतःहून दरवर्षी गाडी तपासायला नेतो त्याची निगा खरी. आणि ज्याच्या नोंदीत मैलांचा आकडा वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, त्याच्याकडे वाहन नसून गुंतवणूक आहे, असे खुशाल समजावे.

आमच्या विक्रेत्याने या तपासण्या सोडलेल्या नाहीत, असे जाहिरातीत नमूद आहे. गेल्या खेपेला मागच्या ब्रेकच्या नळीवर गंज असल्याचा शेरा मिळाला, तोही त्याने लपवलेला नाही. नळी बदलल्याचे बिल फाइलीत आहे. आम्हां दोघांत एकच मतभेद शिल्लक आहे. एकाचे म्हणणे, नव्या मालकाने ते बंद घड्याळ लगेच दुरुस्त करून घ्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, आधी दारांखालच्या पट्ट्या तिसऱ्यांदा तपासाव्यात, घड्याळ थांबलेले असले तरी गाडी चालते.