दंतचिकित्सालयांच्या नोंदी : प्रत असणे पुरेसे नाही

देशातील दंतचिकित्सालयांचा कारभार गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर कागदावरून संगणकावर आला आहे. एक्स-रेच्या फिल्मची जागा डिजिटल सेन्सरने घेतली आणि रुग्णाच्या कार्डाची जागा सॉफ्टवेअरने. मात्र लहान दवाखान्यात हा सारा ठेवा बहुधा एकाच संगणकात असतो आणि त्याची प्रत, असलीच तर, त्याच खोलीतील हार्ड डिस्कवर असते. आग लागली, पुराचे पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर दोन्ही एकदमच नष्ट होण्याचा धोका आहे.

ही हानी केवळ हिशेबाची नसते. दात सरळ करण्याचे उपचार दीड-दोन वर्षे चालतात. उपचारांपूर्वीची छायाचित्रे व एक्स-रे हरवले, तर मूळ स्थिती पुन्हा टिपता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे तक्रार झाल्यास रुग्ण आणि डॉक्टर या दोघांचीही भिस्त याच नोंदींवर असते.

अलीकडच्या दोन घटना या संदर्भात बोलक्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत दंतचिकित्सालयांच्या नोंदींच्या प्रती सांभाळणाऱ्या सेवेवरच खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ४०० दवाखान्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. या दवाखान्यांनी प्रतीची व्यवस्था केलेली होती. परंतु ती सर्वस्वी एका सेवेवर सोपवलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पाच सर्व्हरना अशाच हल्ल्याची झळ बसली. हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. तरीही सुमारे दोन आठवडे रुग्णसेवेचे बरेचसे काम कागदावर करावे लागले. माहिती परत मिळणे आणि काम पूर्ववत सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच या घटनेचा धडा होय.

कायद्याचा दृष्टिकोनही बदलला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची चोरी तर बाजूलाच राहो, माहिती हाती न येणे हादेखील सुरक्षाभंगच मानला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत माहितीच्या प्रती ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख असून प्रमुख बंधनांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही रुग्णाची नोंद मध्यवर्ती कोठारात जात नाही. ती जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाठवली जाते. म्हणजेच ती जपण्याची जबाबदारी अखेर दवाखान्याचीच.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. एकूण तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर, हा संगणक क्षेत्रातील रूढ नियम आहे. त्यातील निदान एक प्रत इंटरनेट व संगणकापासून तोडलेली असावी. इंटरनेटवरील फोल्डरमध्ये आपोआप जुळवली जाणारी फाईल ही खरी प्रत नव्हे. मूळ फाईल बिघडली की बिघाडही तिथे पोहोचतो. केवळ एक्स-रेचे फोल्डर जपणेही अपुरे ठरते. कोणता एक्स-रे कोणत्या रुग्णाचा, हे सांगणारा डेटाबेस सोबत नसेल, तर ती निनावी चित्रेच उरतात. सॉफ्टवेअरच्या परवान्याची माहिती आणि सेन्सरच्या जुळणीची फाईलही जपावी लागते. हा ठेवा सांकेतिक कुलपात असावा, अन्यथा हरवलेली डिस्क नवे संकट उभे करील.

मात्र खरी उणीव नियोजनाची आहे. किती तासांच्या नोंदी गमावणे परवडेल, किती वेळात काम पुन्हा सुरू झाले पाहिजे आणि तोवर नोंदी कशा ठेवायच्या, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून दवाखान्यात ठेवली पाहिजेत. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून पाहिली पाहिजे. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते.

एकट्या डॉक्टरला हे सारे सांभाळणे अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. त्यामुळे दंतवैद्यकांच्या संघटनांनी सामाईक मार्गदर्शन पुरवावे, सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी नोंदी परत मिळवण्याची चाचणी देखभाल करारात समाविष्ट करावी आणि दंतवैद्यक महाविद्यालयांनी या विषयाला अभ्यासक्रमात स्थान द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. नोंदी डिजिटल व्हाव्यात, असा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेने त्या टिकाव्यात, यासाठीही तितकाच आग्रह धरला पाहिजे.