आधी इमारतीचा दाखला, मग किल्ली

गिरगाव, दादर, परळच्या जुन्या इमारतींत 'वन बीएचके' भाड्याने शोधणारे कुटुंब काय विचारते? पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब, डिपॉझिट किती. छतातली गंजलेली सळई ताज्या रंगाखाली दडलेली असते. मुंबई महापालिका कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. पण तो अहवाल भाडेकरूच्या हाती क्वचितच पडतो. स्लॅब कोसळतो तेव्हा मात्र खाली झोपलेला माणूस मालक की भाडेकरू, हे तो पाहत नाही.

कागदपत्रांचीही तीच गत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही साध्या नोटरीवर ११ महिने काढले जातात.

इमारत रिकामी करण्याची नोटीस लागली, की पागडीच्या भाडेकरूला पुनर्विकासात जागेचा हक्क सांगता येतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला तो नाही. त्याची आशा फक्त डिपॉझिटवर, आणि तेही मालकाने परत केले तर.

सरकारने कराराच्या ऑनलाइन नोंदणीतच ऑडिट अहवाल जोडणे सक्तीचे करावे. तोवर भाडेकरूंनो, टोकन देण्यापूर्वी तो अहवाल मागा.